गळाला लागलेले प्रश्न

मागच्या अंकात रॅरिटन बेच्या काठावरच्या एका रात्रीबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, संपादकांकडे पत्रांची रांगच लागली. विषय सगळ्यांचा एकच: स्ट्राइप्ड बास, इथल्या बोलीत स्ट्रायपर. रुपेरी अंगावर सात-आठ काळ्या रेघा ओढलेला, समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात चढणारा मासा. मी कुणी तज्ज्ञ नाही. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते आणि पाळी नसलेल्या रात्री गेली चौदा वर्षं खाडीच्या चिखलात उभी असते. घरचे म्हणतात, 'आता बास कर.' मी तेच करते.

सहा शनिवार झाले. दहा फुटी सर्फ रॉड, मोठं रीळ, डझनभर लुअर्स (नकली आमिषं) मिळून चारशे डॉलर गेले. दुपारी कीपोर्टच्या किनाऱ्यावर उभा राहतो, जमेल तितकं लांब फेकतो. अजून एक शेपूट दिसलेलं नाही. दुकानदार म्हणतो हिरवट-पिवळं लुअर घ्या, मुलगा म्हणतो पांढरं. नक्की कुठला रंग?
– एक वाचक, एडिसन

रंगाचं नंतर. तुमच्या पत्रात रॉड आहे, रीळ आहे, दुकानदार आहे, मुलगा आहे. पाणी कुठेच नाही. त्या सहा शनिवारी भरती किती वाजता होती? तुम्ही उभे होतात तेव्हा पाणी चढत होतं, उतरत होतं, की थांबलं होतं? शनिवारची दुपार ही तुमच्या सुट्टीची वेळ आहे, माशाच्या जेवणाची नव्हे.

स्ट्रायपर पोहायला दणकट, पण खाण्याच्या बाबतीत पक्का आळशी. ओढ असलेल्या पाण्यात तो दगडाच्या, खांबाच्या, वाळूच्या उंचवट्याच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि प्रवाह जे आणून देईल ते गिळतो. पाणी थांबलं की पंगतीतला वाढपीच गायब. मग ताटावर कोण बसून राहणार?

पहिले दोन हंगाम मीही लांब फेकण्याचीच हौस भागवली. मग एका ऑक्टोबरात, दलदलीतून बेमध्ये येणाऱ्या एका अरुंद ओढ्याच्या तोंडाशी दोरीचा गुंता सोडवत बसले होते. ओहोटी लागून दोन तास झाले असतील. गवतातून पाणी निथळत होतं आणि त्याच्याबरोबर बोटभर लांबीचे स्पिअरिंग बाहेर पडत होते. काचेसारखं अंग आणि कुशीला चांदीची एक पट्टी. ओढ्याचं धावतं पाणी बेच्या संथ पाण्याला भिडतं तिथे पृष्ठभागावर एक शिवण दिसते. ती शिवण माझ्या पायापासून जेमतेम वीस फुटांवर होती. तिथे आवाज झाला, ओल्या टॉवेलने फरशीवर फटका मारावा तसा. मग पुन्हा एकदा. गुंता कापून टाकला, अर्ध्या औंसाचं पांढरं जिग, म्हणजे डोक्याला शिसं असलेलं लुअर, बांधलं आणि फेकलं नाहीच, नुसतं धारेत सोडलं. बावीस इंचांचा मासा. माझा पहिला. त्याआधी कित्येक संध्याकाळी मी नेमक्या त्याच जागेवरून, गुडघाभर पाण्यातून खळखळ करत पुढे जाऊन, पलीकडे लांब फेकत होते.

तेव्हा दहा फुटी रॉड समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांसाठी ठेवा आणि बेमध्ये ओढ्याचं तोंड शोधा. पाण्यात शिरू नका. पहिल्या चार-पाच वेळा लुअर जवळच, काठाला समांतर टाका. वेळ निवडताना एक जुना हिशोब उपयोगी पडतो. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. पहिल्या तासात एकूण पाण्याचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. बेच्या तोंडाशी असलेल्या सँडी हूकला भरती-ओहोटीतला फरक सरासरी पावणेपाच फुटांच्या घरात आहे. म्हणजे मधल्या दोन तासांतच सव्वादोन फुटांच्या वर पाणी निघून जातं. मला दोनच तास मिळणार असतील तर मी ओहोटीचे दुसरा आणि तिसरा तास घेते.

आता रंग. उजेडात आणि स्वच्छ पाण्यात पांढरा, गढूळ पाण्यात हिरवट-पिवळा, काळोखात चक्क काळा, कारण खालून बघणाऱ्या माशाला आभाळावर काळी आकृतीच ठळक दिसते. दुकानदार बरोबर आणि मुलगाही. घरात भांडण नको.

भरतीचं कोष्टक बघितलं की डोकं गरगरतं. फोनवरची ॲप्सही निरनिराळी वेळ सांगतात. लक्षात राहील असं काही सोपं नाही का?
– एक वाचक, पिसकॅटवे

आहे, आणि बहुधा तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. कालनिर्णय.

भरती चंद्राच्या मागे चालते, तिथीही चंद्रावरच. तिथीगणिक भरती साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा पंधरवड्यातल्या तिथीचा आकडा घ्या, ४८ मिनिटांनी गुणा आणि उन्हाळी घड्याळ चालू असेल तर त्यात ८ तास मिळवा. ही झाली सँडी हूकची एक भरती. दुसरी साडेबारा तास मागे किंवा पुढे. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की आठऐवजी सात मिळवायचे.

करून बघा. चतुर्थी: चार अठ्ठेचाळीस एकशे ब्याण्णव मिनिटं, म्हणजे तीन तास बारा मिनिटं, आठ मिळवले की सव्वाअकरा. अष्टमीला दोन-अडीच. एकादशीला पावणेपाच (उपास करून मासे पकडायला जाणं कितपत योग्य, ते धर्मसंकट तुमचं तुम्ही सोडवा). पौर्णिमा-अमावास्येला आठ ते साडेआठ, सकाळी आणि रात्री. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतं, शिवाय जोराचा वारा असला तर पाणी त्याला विचारून चालतं. म्हणून गाडी काढण्याआधी 'नोआ' या अमेरिकी सागर-हवामान संस्थेच्या कोष्टकात सँडी हूकची खरी वेळ बघाच. पण ऑफिसमध्ये बसून 'येत्या गुरुवारी जमेल का' हे ठरवायला तिथी पुरते.

या हिशोबातली खरी गंमत पुढे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास इथे भरती संध्याकाळच्या अंधाराला गाठून येते. म्हणजे उधाणाचं पाणी दलदलीच्या गवतात खोलवर शिरतं आणि नेमकं रात्री उतरू लागतं, आतली कोळंबी आणि बारका मासा घेऊन. पौर्णिमेला दहाच्या सुमारास ओढ जोरात असते. माझ्या रजेच्या अर्जांकडे आमच्या सुपरवायझरने नीट पाहिलं तर चंद्राच्या कला सापडतील. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, ओढ मंद असते. तेव्हा मी हलकं, पाव औंसाचं जिग घेते नाहीतर घरी झोपते.

एवढं मात्र ध्यानात असू द्या: नेव्हसिंक नदीत आत रेड बँककडे भरती सँडी हूकपेक्षा साधारण तासाभराने पोचते. शिवाय अरुंद तोंडाच्या खाडीत काठावरचं पाणी चढायचं थांबलं तरी मधली धार लगेच उलटत नाही. पाण्यावर तरंगणारी गवताची काडी कुठे चालली आहे ते बघा. ॲपपेक्षा ती काडी जास्त खरं सांगते.

मित्र सांगतो की दोरी जितकी बारीक तितकी मजा जास्त. मी सहा पौंडी दोरी आणि तळ्यातल्या माशांची छोटी काठी घेऊन गेलो. एक मोठा मासा लागला, पंधरा मिनिटं खेळवला, शेवटी दोरी तुटली. लाइट टॅकल म्हणजे नक्की किती लाइट?
– एक वाचक, जर्सी सिटी

तुमच्या मित्राला माझ्याकडे पाठवा.

हलकं सामान घ्यायचं ते छोटी लुअर्स नीट फेकता यावीत, जिग तळाला टेकलं की बोटाला कळावं म्हणून. माशाला दमवून दमवून मारण्यासाठी नव्हे. हे मी शहाणपणाने सांगत नाही, लाजेने सांगते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मीही अशीच नाजूक काठी घेऊन गेले होते. पाणी ७४ अंश फॅरनहाइट. थर्मामीटर माझ्याच पिशवीत होता आणि मी तो वाचलाही होता. तीस इंचांच्या वरचा मासा लागला. पंचवीस मिनिटं लागली. फोनवर व्हिडिओ काढायला लावला, सगळे खूश. मग त्याला पाण्यात धरून बसले. कल्ले हलत होते, पण शरीर सरळ राहीना. सोडलं की कुशीवर कलायचा. शेवटी हातातून निसटला तो पांढरं पोट वर करूनच, आणि ओहोटी त्याला पुलाकडे घेऊन गेली. तो व्हिडिओ मी कुणाला दाखवलेला नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि लढून थकलेल्या माशाला तो जास्त हवा. पाणी ७० च्या वर गेलं की मी आता स्ट्रायपरच्या मागे जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लुक या चपट्या माशावर समाधान मानते. तसाही तेव्हा ग्रीनहेड माश्या कपड्यातून चावतात.

सामान सांगते. सात फुटी स्पिनिंग रॉड, पाव ते एक औंसाची लुअर्स फेकणारी, टोकाला चपळ पण बुडाला दम असलेली. ३००० किंवा ४००० मापाचं रीळ. १५ ते २० पौंडी ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी; ही तुमच्या जुन्या सहा पौंडी नायलॉनइतकीच बारीक असते, म्हणजे बारीकपणाची हौसही फिटली. पुढे तीन फूट २० ते २५ पौंडी फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे लुअरच्या आधीचा चिवट तुकडा, कारण दगड आणि खांबांवरची कालवं ब्रेडला सुरीसारखी कापतात. जोडायला डबल युनी गाठ. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने लीडर जळतो आणि तुटतो तो नेमका तिथेच. तुमची दोरीही गाठीशीच तुटली असेल असा माझा अंदाज आहे, पण तुटलेलं टोक तुम्ही बघितलं नसणार. पुढच्या वेळी बघा. टोक कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं आलं तर गाठ सुटली. खरखरीत आलं तर घासून तुटलं.

लुअर्स तीनच प्रकारची घ्या. तीन अष्टमांश ते पाऊण औंसाची जिग आणि त्यावर चार-पाच इंची रबरी मासे. दोन-तीन बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस बांधलेली जिग. आणि पहाटेसाठी पाण्यावर डावं-उजवं नाचत येणारं एक टॉपवॉटर प्लग. प्लगवरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि सगळ्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. मासा सुटतो का? कधीकधी. पण माझ्या अंगठ्यातून एकदा काटेरी गळ काढावा लागला होता, तेव्हापासून हा प्रश्न मला पडत नाही.

सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. उभं आयुष्य गळ टाकण्यात गेलेलं. मागच्या आठवड्यात त्यांना ३४ इंचांचा स्ट्रायपर लागला आणि मी तो सोडायला लावला. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. नियम नक्की काय आहे?
– एक सून, ओल्ड ब्रिज

तुम्ही बरोबर केलंत. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. शिव्या मी खाईन.

न्यू जर्सीत माणशी दिवसाला एक मासा, २८ ते ३१ इंचांमधला. लांबी मोजायची ती तोंड मिटवून, मुस्कटापासून शेपटीची टोकं चिमटीत जवळ आणून. त्याहून लहान परत, त्याहून मोठाही परत. खाड्या, बे आणि नद्यांमध्ये हंगाम १ मार्च ते ३१ डिसेंबर, आणि डेलावेअर नदीत अंडी घालण्याच्या काळात एप्रिल-मे बंद. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे, म्हणजे केंद्राच्या हद्दीत, स्ट्रायपर पकडायला १९९० पासून बंदी आहे. खऱ्या आमिषाचा तुकडा लावून पकडायचा असेल तर सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गळच हवा. नकली लुअर्सना ते बंधन नाही. सासरेबुवा पाहुणे असले तरी सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला खाऱ्या पाण्याची नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे आणि घरबसल्या होते. दुसऱ्या राज्यात गेलात तर आकडे बदलतात: चेसापीक बेमध्ये, जिथे याच माशाला रॉकफिश म्हणतात, माप १९ ते २४ इंच आहे. नियम वर्षाच्या मध्येही बदलतात (२०२३ मध्ये वरची मर्यादा तातडीने ३१ वर आणली होती), म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्यखात्याचं पान बघायचंच.

आता सासऱ्यांचा खरा सवाल: एवढा मोठा मासा का सोडायचा? कारण तो बहुधा 'ती' असते. एवढी मादी लाखांनी अंडी घालते. १९८० च्या दशकात हा मासा इतका घटला होता की मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. तेव्हा तो सावरला, १९९५ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. आता पुन्हा तंगी आहे. बहुतेक मासे जन्मतात त्या चेसापीकमध्ये मेरीलँड करत असलेली पिल्लांची मोजणी २०१९ पासून वर्षामागून वर्ष सरासरीपेक्षा कमी भरते आहे. आज पिल्लं नाहीत म्हणजे सहा-सात वर्षांनी २८ इंची मासा नाही.

मापातला मिळालाच तर खुशाल घरी न्या, बर्फात ठेवून. कातडं आणि त्याखालचा काळपट, चरबीचा भाग काढून टाका, कारण या पाण्यातली जुनी रसायनं चरबीत साठतात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी राज्याचा खाण्याबाबतचा सल्ला कडक आहे, तो पाळा.

नवरा रात्री-अपरात्री जातो, मासे पकडतो आणि सोडून येतो. आम्ही शाकाहारी आहोत. सोडायचेच तर पकडायचे कशाला?
– एक वाचक, प्रिन्स्टन

याला माझ्याकडे पटणारं उत्तर नाही. माशाला दुखापत होत नाही असं तुमचे यजमान म्हणत असतील तर ते खरं नाही. सोडलेल्या दर शंभर स्ट्रायपरपैकी सरासरी नऊ पुढे मरतात, असं धरूनच इथले मत्स्यव्यवस्थापक हिशोब करतात. म्हणजे 'मी सगळे सोडतो' म्हणणाऱ्याने हंगामात पन्नास सोडले तर चार-पाच मारले. मी त्या हिशोबात माझेही मोजते. दोन-तीन मासे झाले की काठी गुंडाळते, मग चावा कितीही चालू असो. यजमान पंधरावा मासा सोडून आल्याचं कौतुकाने सांगत असतील तर त्यांना विचारा, तिसऱ्यानंतर का थांबला नाहीत. मासा पाण्याबाहेर न काढता गळ काढता येतो का, हेही विचारा. एकेरी, काटा दाबलेला गळ असेल तर येतो. पक्कडीची एक पिळ पुरते. आणि हात आधी ओला केला होता का?

यजमानांचा अंगठा खडबडीत झालेला असेल तर ते खरंच मासेच पकडताहेत, एवढी खात्री बाळगा. स्ट्रायपरला खालच्या जबड्यात अंगठा घालून धरतात आणि त्याचे दात सँडपेपरसारखे असतात.

रात्री पुलावरच्या दिव्यांखाली मासे पाण्यावर उसळताना ऐकू येतात, पण माझ्या जिगला एकही तोंड लावत नाही. आवाज समोर, हात रिकामे. काय चुकतं?
– एक वाचक, मिडलटाउन

उजेडात टाकताय, हे चुकतं. आणि बहुधा भराभर ओढताय.

पुलावरच्या दिव्यामुळे पाण्यावर पुलाची सावली पडते आणि तिची कड रेघ मारल्यासारखी दिसते. ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूच्या कडेला या. मासा सावलीच्या आत, कडेपासून हात-दोन हात मागे, उजेडाकडे तोंड करून बसलेला असतो. कोळंबी उजेडातून वाहत येते, तिला काळोख दिसत नाही, त्याला ती दिसते. तुमचं जिगही तसंच आलं पाहिजे: उजेडातून, प्रवाहाच्या वेगाने, काळोखात.

तेव्हा काठावर उभं राहून प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं टाका. जिग इतकंच जड घ्या की बुडताना दोन-तीनदाच तळाला टेकेल. सारखं टेकत असेल तर जास्त जड, कधीच टेकत नसेल तर हलकं. रीळ फक्त सैल पडलेली दोरी गोळा करायला फिरवायचं. जिग ओढायचं काम पाण्याचं. ते वाहत खाली येतं, दोरी ताणली जाते आणि रेघेजवळ जिग कमानीत वळू लागतं. चावा तिथे येतो. झटका असा नसतोच, आधी 'टुक्' होतं, दार न वाजवता कुणी नुसता हात टेकवावा तसं. तेव्हा काठी उचलायची नाही. दोरी जड होऊ द्या, मग रीळ फिरवत राहा आणि काठी पाण्याला समांतर, खांबापासून दूर, बाजूला ओढा. वर नको, वर ओढलीत तर तो खांबाला वळसा घालतो आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिता.